जुनेर

ओट्यावरची वाटी खाली पडली आणि फरशीवर स्वतःभोवती गिरक्या घेत, घणघणत, हळूहळू शांत झाली.

त्याआधी घरात कुणीच बोलत नव्हतं. शर्वाणी जमिनीवर मांडी घालून बसली होती, आदिनाथ ओट्याला टेकून उभा होता आणि दोघांच्या मध्ये पाच वर्षांची यमुना, कानामागे नवीकोरी कर्णिका लावून, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. कर्णिकेचा हिरवा ठिपका नुकताच लागला होता. पहिला शब्द कुणी बोलायचा यावरून नवराबायकोत सकाळपासून वाद चालला होता. शेवटी आदिनाथच्या कोपराने तो मान वाटीला देऊन टाकला.

यमुनाने झटकन मान वळवली, वाटीकडे पाहिलं आणि हसली.

"ऐकू आलं का गं?" आदिनाथने विचारलं.

"बाबा, तू पाडलीस," ती म्हणाली.

वाटी खाली पडली होती. शर्वाणीचा जीव मात्र भांड्यात पडला. तिने दोन्ही हात पुढे केले आणि रोजच्यासारखी हाक मारली, "माऊ."

यमुनाने तिच्या ओठांकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, कुणी पाहुणी आली आहे का ते. मागे कुणी नव्हतं. ती पुन्हा आईच्या तोंडाकडे बघू लागली, कपाळाला बारीक आठी घालून.

"आईच्या आवाजात बोल ना," ती म्हणाली.

यमुना जन्मतः बहिरी होती. दीड वर्षाची असताना तिच्या आतल्या कानात केसाएवढी एक तार बसवली गेली. ती तार आयुष्यभराची. कानामागे बसते ती कर्णिका मात्र चष्म्यासारखी बदलता येते. पूर्वीची श्रवणयंत्रं आवाज मोठा करून आत ढकलत, एवढंच. कर्णिका आवाज शिकते. सतत ऐकू येणारी माणसं ती ओळखून ठेवते, आणि त्यांच्यापैकी कुणी बोललं की शब्दांबरोबर एक बारीकशी ओळखखूण मेंदूकडे पाठवते: हा बाबा, ही आत्या. ऐकणाऱ्या मुलाचा मेंदू हे काम स्वतःच करतो. तारेतून येणारा आवाज इतका तुटपुंजा असतो की या मुलांना ती मदत लागतेच, आणि काही वर्षांनी कर्णिका कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होतं हे त्या मुलालाही सांगता येत नाही. रात्री मूल झोपलं की कर्णिका आपल्या साठवणीतल्या दालनांमधून एकेक करून फिरते आणि तिथले आवाज अगदी मंद ऐकवते, पाढे विसरू नयेत म्हणून म्हणावेत तसे. याला उजळणी म्हणतात. म्हणून झोपतानाही ती काढायची नसते.

यमुनाची पहिली कर्णिका वापरलेली होती. नव्या यंत्रांसाठी तेव्हा फार थांबावं लागे, आणि भाषा शिकायचं वय काही कुणासाठी थांबत नाही. एका श्रवणपेढीने लहान मापाची, साफ केलेली एक कर्णिका दिली. कुणाची ते पेढी सांगत नसे. शर्वाणीला ते जरा टोचलं होतं. बार्शीहून आलेल्या तिच्या नणंदेने, शैलाताईने, एका दमात समाधान केलं: "अगं, बाळाच्या अंगाला पहिल्यांदा कोरं कापड लावतात का कुठं? जुनेरच लावायचं. वापरून मऊ झालेलं."

कर्णिका पहिल्यांदा सुरू होते त्या दिवसाला या मुलांच्या आया 'कानउघाडणी' म्हणतात. त्या दिवशी बारसं पुन्हा करतात, कारण पहिल्या बारशात आत्याने कानात सांगितलेलं नाव बाळाला ऐकूच गेलेलं नसतं. पाळण्यात न मावणाऱ्या यमुनाच्या कानाशी शैलाताईने 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं. यमुना ढिम्म. आदिनाथने टाळ्या वाजवल्या. ढिम्म. ध्वनितज्ज्ञ बाई म्हणाल्या, वेळ लागतो, घाई नको. तेव्हा शर्वाणी, कुणाला दाखवायला नाही, आपलं रडू आवरायला म्हणून नुसतं "माऊ" म्हणाली, आणि यमुना मान वळवून तिच्याकडे बघून हसली.

आईचा आवाज पोटातूनच ओळखीचा असतो, असं सगळे म्हणाले. न ऐकणाऱ्या मुलाला पोटात तरी काय ऐकू आलं असणार, हे शर्वाणीला कळत होतं. ती स्वतः ध्वनियंत्रांची अभियंता होती. पण त्या दिवशी तिने शास्त्राला दाराबाहेर बसवलं. पुढे भेटेल त्याला ती ही गोष्ट सांगत आली.

आता तीच मुलगी तिला म्हणत होती, आईच्या आवाजात बोल.

पहिला दिवस त्यांनी हसण्यावारी नेला. दुसऱ्या दिवशी यमुनाने कर्णिका काढून खेळण्यातल्या कुकरमध्ये ठेवली आणि झाकण लावलं. बाबाचा आवाज बाबाचाच होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा काकूंचाच होता. दूरध्वनीवर आत्यासुद्धा आत्याच होती. फक्त आई बोलू लागली की कुणी अनोळखी बाई आईचं तोंड लावून आल्यासारखं तिला होई. तिने बाबाला खुणेने विचारलं, आईला कधी बोलवणार? शर्वाणी समोर बसून तिला वरणभात भरवत होती.

जुनी कर्णिका परत लावायची सोय नव्हती. तिची जोडणीची टोकं घामाने झिजून गेली होती, म्हणून तर नवी आणली. आतली साठवण काढण्यासाठी शर्वाणीने स्वतःच्या हाताने तिचं कवच फोडलं होतं, आणि नव्या कर्णिकेत सगळं भरलंही तिनेच होतं. चूक कुठे झाली असेल तर ती तिच्याच हातून.

सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात तिची प्रयोगशाळा होती. मागावरचं छप्पर काढून तिथे सौरपत्रे बसवले होते आणि खाली, जिथे पूर्वी कानठळ्या बसत, तिथे आता टाचणी पडली तरी मोजता येईल अशा शांत खोल्या होत्या. प्रमुख डॉ. अंबादास येमूल. निवृत्तीला आले होते, दुपारी डबा खाल्ल्यावर बडीशेप चघळत सगळ्यांच्या टेबलांवरून फेरी मारायची त्यांची सवय होती. शर्वाणीच्या टेबलाशी ते थांबले, तिचा न उघडलेला डबा पाहिला आणि स्टूल ओढून बसले.

चूक सापडत नसेल तर ती मोठ्याने कुणाला तरी समजावून सांगायची, हा त्यांचा नियम होता.

"समज, मी आज सकाळीच रुजू झालोय आणि मला काही कळत नाही," ते म्हणाले. "दुसरा भाग खराच आहे. सांग."

शर्वाणीने पडद्यावर काळी खिडकी उघडली. या कामाला चित्रं, बटणं काही नसत. आज्ञा लिहायची आणि उत्तर वाचायचं. तिने सांगायला सुरुवात केली. जुन्या कर्णिकेतली साठवण तिने टिंबाटिंबाने जशीच्या तशी उचलली होती. लिहिलेलं, पुसलेलं, रिकामं, सगळं. तिला समग्रप्रत म्हणतात. एकच सलग धारिका.

"म्हणजे लांबलचक भिंत," येमूल म्हणाले. "दारं?"

"दारं नसतात. आत दालनं असतात, पण बाहेरून कळत नाही. भिंतीच्या सुरुवातीला एक तक्ता असतो, कोणतं दालन कुठून कुठपर्यंत. 'दारजोड' ही आज्ञा तो तक्ता वाचते आणि प्रत्येक दालनाला दार बसवते. मग संगणकाला वाटतं, ही वेगवेगळी यंत्रंच जोडली आहेत. एकेक उघडायचं, आतलं वाचायचं."

"आतलं सामान हलतं?"

"काहीच हलत नाही, सर. नुसती वाट होते."

"आणि दार मिळतं कुणाला?"

"तक्त्यात ज्याचं नाव आहे त्याला."

"ज्याचं नाही त्याला?"

"त्याला नाही. तिथे भिंतच राहते."

येमूलांनी बडीशेप एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि पुन्हा दाखव म्हणाले. शर्वाणीने आज्ञा दिली. तीन ओळी आल्या. पहिलं दालन 'मूलाज्ञा', म्हणजे कर्णिकेने कसं वागायचं त्याचे नियम. दुसरं 'परिसर', म्हणजे कुकर, पाऊस, रिक्षा. तिसरं 'माणसं'. तिन्ही तिने जोडली, तिन्ही नव्या कर्णिकेत उतरवली, पडताळून पाहिली. एक टिंब इकडचं तिकडे नव्हतं.

"'माणसं' उघड."

त्या दालनात प्रत्येक ओळखीच्या आवाजाची एक नोंद होती. आदिनाथची मोठी, शैलाताईची त्याहून जरा लहान, शाळेतल्या बाईंची बरीच मोठी. शर्वाणीची नोंद सर्वांत खाली होती आणि इतकी लहान, की येमूलांनी चष्मा वर करून पाहिलं.

"दिवसभर तूच बोलतेस तिच्याशी," ते म्हणाले. "आणि तुझा आवाज एवढासा?"

तिने ती नोंद उघडली. आत आवाज नव्हताच. एक पत्ता होता आणि त्यापुढे नुसत्या दुरुस्त्या: अमुक ठिकाणी सूर जरा वर, तमुक ठिकाणी श्वास आखूड, 'ळ' जरा मऊ. साडेतीन वर्षांच्या दुरुस्त्या.

"यंत्र काटकसरी असतं," येमूल सावकाश म्हणाले. आता ते सकाळीच रुजू झालेले वाटत नव्हते. "आधीच्या एखाद्या आवाजाशी नवा आवाज जुळला, तर ते नवा आवाज अख्खा लिहीत नाही. फरक लिहितं. पत्ता कुठला आहे बघ."

तो पत्ता तिन्ही दालनांपैकी कशातच पडत नव्हता. दुसरं दालन संपत होतं आणि तिसरं सुरू होत होतं त्याच्या मध्ये एक मोकळी जागा होती, तिथला तो होता. ती जागा शर्वाणीने पहिल्या दिवशीच पाहिली होती आणि सोडून दिली होती. सगळेच यंत्र बनवणारे थोडी जागा मध्ये सोडतात. ही थोडी नव्हती, हे तिने तेव्हा पाहिलं नव्हतं.

"पेढीने साफ केली म्हणजे काय केलं असेल?" तिने विचारलं, पण उत्तर तिला आलं होतं. आतलं पुसलं नव्हतं. जुना तक्ता काढून नवा लिहिला होता. ज्या दालनाचं नाव नव्या तक्त्यात नाही, त्याचं दार गेलं. दालन होतं तिथेच राहिलं. आणि मूलाज्ञेला त्याचा पत्ता पाठ होता. नव्या कर्णिकेत मात्र त्या पत्त्यावर काहीच नव्हतं.

तक्त्यात नाही म्हणून 'दारजोड' तिथे आपणहून जाणार नव्हती. शर्वाणीने त्या मोकळ्या जागेत दालनाची सुरुवातखूण शोधली. सापडली. मग तिने आरंभाचा आणि शेवटाचा पत्ता हाताने लिहून दिला आणि पुढे 'केवळ वाचन' असं जोडलं, म्हणजे आतल्या कशालाही चुकूनसुद्धा धक्का लागू नये. पडद्यावर चौथी ओळ आली. चौथं दार बसलं होतं.

दाराला ध्वनिक्षेपक जोडला तेव्हा खोलीत आधी शिलाईयंत्राचा आवाज आला, पायाने चालवायच्या. मग तो थांबला.

"माऊ," एक बाई म्हणाली. "हिकडं बघ. कोन बोलतंय? आई बोलतीय."

आवाज तरुण होता, थोडा घोगरा, हसू दाबून धरलेला. शर्वाणीच्या आवाजासारखा म्हणावा तर होता, म्हणावा तर नव्हता. पण तो 'माऊ' मात्र तोच होता, शेवटचा 'ऊ' तसाच लांबवलेला.

"ऐकू आलं," ती बाई कुणाला तरी सांगत होती. "बघितलं तिनं. अवं, बघितलं." मग तिचं नाक ओढणं. मग पुन्हा जवळून, "आता आत्या नाव सांगनार हाय कानात. हसायचं न्हाई." आणि एका दुसऱ्या बाईचा श्वास अगदी जवळ आला, कर्णिकेला घासून, "कुर्रर्र..."

शर्वाणीने आवाज बंद केला.

पहिल्या दिवसाचे आवाज कर्णिका कधीच पुसत नाही. पुढचं सगळं तिला त्यावरूनच मोजायचं असतं. ही त्या घरातली कानउघाडणी होती.

"नाव पुढच्या क्षणाला आहे," येमूल म्हणाले. "नाव कळलं तर माणसं शोधता येतील. पोर आता केवढी झाली असेल तेही कळेल."

"म्हणूनच नको, सर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"इतकी लहान मापाची कर्णिका पेढीकडे दोनच कारणांनी परत येते," ती म्हणाली. "मूल मोठं होतं आणि ती बसेनाशी होते." दुसरं कारण तिने सांगितलं नाही आणि येमूलांनी विचारलं नाही.

म्हणजे बारशाच्या दिवशी यमुना हसली ती तिला ओळखून नव्हे. पोटातून वगैरे काही नव्हतं. कर्णिकेत 'माऊ' म्हणणाऱ्या बाईची एक ओळखखूण आधीच तयार बसली होती, 'ही आई' असं सांगायला. आणि शर्वाणी नेमकं तेच म्हणाली, जे अर्ध्या महाराष्ट्रातल्या आया म्हणतात. यंत्राने खूण पाठवली. पोर वळली.

"म्हणजे मी फरक आहे," ती म्हणाली. "त्या बाईच्या आवाजातला."

येमूल तिला धीर देतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, त्यांची आई तेलुगूत रागवायची. स्वतः ते आयुष्यभर मराठीत रागावले, तरी घरात सगळे म्हणतात, चाल म्हातारीचीच आहे. मग त्यांनी तिच्या डब्याचं झाकण काढून डबा तिच्यापुढे सरकवला.

खाता खाता तिने मनातलं विचारून घेतलं. ते दालन नव्या कर्णिकेत घ्यायचंच नाही, त्या पत्त्यावर आपलाच आवाज भरायचा, असं केलं तर?

"तिच्यात तुझा फरक मिळवला की तू होतेस," येमूल म्हणाले. "तुझ्यात तुझा फरक मिळवलास तर कुणी तिसरीच बाई बोलायला लागेल. आवाज अख्खा नव्याने शिकवता येईल, हो. पण दीड वर्षाचं पोर आणि पाच वर्षांचं पोर यात अंतर आहे. सहा महिने लागतील, वर्ष लागेल, कदाचित नाहीच जमणार. आणि तोवर ती कर्णिका कुकरमध्ये."

शर्वाणीने त्या दिवशी काही ठरवलं नाही. गिरणीच्या जुन्या धुराड्याच्या सावलीत उभं राहून तिने शैलाताईला दूरध्वनी केला. नणंदेला दालनं, तक्ता काही सांगायची सोय नव्हती. तिने एवढंच सांगितलं की यमीच्या जुन्या यंत्रात आधीच्या आईचा आवाज राहून गेलाय आणि आपला त्याच्यावर चढलाय.

पलीकडे शैलाताई लसूण सोलत असावी. थोडा वेळ नुसती सालं चुरचुरली.

"राहणारच की," ती म्हणाली. "जुनेर कितीही धुतलं तरी आधीच्या अंगाचा आकार राहतोच त्याला. म्हणून तर टोचत नाही लेकराला."

"ताई, पण ती बाई कोण, कुठली, तिला विचारलेलंही नाही."

"जुनेर विचारून घेतात होय? देणारा देतो. एवढं बघायचं फक्त, ज्याचं पोर खेळतंय-बागडतंय त्याच्याच घरचं घ्यावं. तुला मी सांगितलं होतं ना तेव्हा?"

तिने तेव्हा सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि शर्वाणीने ऐकलं नसेल. ती हो म्हणाली आणि दूरध्वनी ठेवला. नाव न ऐकता आवाज बंद केला हे बरं केलं, असं तिला पुन्हा वाटलं. जोवर नाव माहीत नाही तोवर ती पोर कुठेतरी खेळत-बागडत होतीच. तिचे गुडघे फुटले होते, तिला मोठ्या मापाची कर्णिका आली होती, शिलाईयंत्राखालच्या चिंध्यांवर ती आईशी भांडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काम उरकलं. नव्या कर्णिकेच्या बाबतीत एक अडचण होती: ती बिननावाचं काही आत ठेवूनच घेत नसे. प्रत्येक दालनाची तक्त्यात नोंद हवी, प्रत्येकाला दार हवं. येमूल मागे उभे होते. ते म्हणाले, तक्त्यात आलं की ते बाकीच्या दालनांसारखंच दालन होईल हं. शर्वाणी म्हणाली, होऊ दे. कधी एकदा घरी जाते असं तिला झालं होतं.

नाव काय द्यायचं, असं यंत्राने विचारलं. तिने लिहिलं, 'जुनेर'. मग संगणकावर तात्पुरती बसवलेली चारही दारं तिने काढून टाकली, काम झाल्यावर काढतात तशी, आणि कर्णिका रुमालात बांधून निघाली.

यमुना तोंड फुगवून बसली होती. कर्णिका लावून घ्यायला तयार नव्हती. आदिनाथने तिला खुणेने, एकदाच, असं सांगितलं. तिने एकच बोट वर करून अट पक्की केली. हिरवा ठिपका लागला. आपण तोंड उघडलं की कोण बोलेल, हे शर्वाणीला या क्षणी खरोखर माहीत नव्हतं. ओट्यावर वाटी होती. तीच पाडावी असंही वाटून गेलं.

"माऊ," ती म्हणाली.

यमुनाचं तोंड आधी उघडं राहिलं, मग वाकडं झालं.

"कुठं गेली होतीस?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्या दुपारी तिने आईला उठू दिलं नाही. मांडीत बसून तिने सगळं म्हणून घेतलं. पाणी म्हण. आता चप्पल म्हण. आता माझं अख्खं नाव म्हण. आता रागव. शर्वाणी रागावली. अजून, खरं रागव, असं म्हणून यमुना तिच्या गळ्यावर तळवा ठेवून बसली, आवाज कुठून येतो ते बघायला. त्या रागावण्यात आपलं किती आणि त्या बाईचं किती, हे शोधायचा शर्वाणीने थोडा वेळ प्रयत्न केला. मग यमुनाला पोटात गुदगुल्या केल्या आणि सोडून दिला.

पुढच्या रविवारी सकाळी ती गॅलरीत यमुनाची वेणी घालत होती. समोरच्या इमारतीवरचे सौरपत्रे उन्हाकडे तोंड वळवत करकरत होते. यमुना पेंगत होती, मध्येच मान पुढे टाकत होती.

"आई, ती दुसरी आई पण छान बोलते."

"कोण गं?"

"झोपेत येते ती. हिकडं बघ, म्हणते." यमुनाने 'हिकडं' अगदी तसंच उच्चारलं. "मशीनवर शिवते आणि बोलते."

शर्वाणीच्या हातातला कंगवा थांबला. ज्याला दार, त्याची उजळणी. या नव्या कर्णिकेच्या माहितीपत्रकात ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. जुन्या यंत्रात ते दालन साडेतीन वर्षं पायाखालच्या जोत्यासारखं गप्प पडून होतं. दार तिने बसवलं.

"तुला भीती वाटते का तिची?" तिने विचारलं.

"नाही." यमुनाने विचार केला. "ती मला नाही माऊ म्हणत. तिच्या माऊला म्हणते. मग तिची माऊ बघते तिच्याकडे, मग ती रडते, पण हसून रडते. मग त्यांची आत्या येते."

वेणीचे तीन पेड शर्वाणीच्या बोटांत तसेच राहिले. ती बाई आता तिच्या घरात रोज रात्री येणार होती, तिच्या लेकीच्या उशाशी, आणि दरवेळी त्या बाईच्या पोरीने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलेलं असणार होतं. शर्वाणीला वाटलं होतं तसं वाईट वाटलं नाही. दार काढता आलं असतं. पण दार काढलं तर लेकीच्या कानातून शर्वाणी स्वतःही गेली असती.

यमुना गर्रकन वळली. अर्धी वेणी सुटली. ती गुडघ्यांवर उभी राहिली आणि तिने आपले दोन्ही तळहात आईच्या कानाभोवती धरले, बारशात धरतात तसे, बाहेर एक अक्षर सांडू नये असे. तिचा श्वास कोमट होता, त्याला दुधाचा वास होता.

"कुर्रर्र," ती म्हणाली, आणि थांबली. गुपित सांगायच्या आधी विचारायचं असतं, असं शाळेतल्या बाईंनी शिकवलं होतं.

"आई, तिच्या माऊचं नाव सांगू?"